ऊन पाणी कुणाच्या बापाचं?

पाण्यावरून पुन्हा भांडण लागलंय. सवर्णांशी नव्हे, आपल्या आपल्यात. आणि पाणी तरी कुठलं? पिण्याचं नाही. आंघोळीचं. गरम.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाला ऊन पाण्याचे झरे आहेत. पवईहून जायला काय लागतं? कांजूरला गाडी पकडा, ठाण्याला उतरा, एसटी धरा. नाहीतर वसई रोडवरून जा. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी पाण्यात. म्हणून आमच्या पवईच्या पोरांनी तिथं सहल काढू म्हटलं, आणि वस्तीत दोन तट पडले.

पहिला तट म्हणतो, ते देवीचं ठिकाण. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण देव सोडले, त्या वाटेला पाऊल टाकायचं नाही. दुसरा तट म्हणतो, एवढं काय कडक व्हायचं? जाऊ, डुंबू, येता येता देवीपुढं हात जोडू. हात जोडून काय हात झिजतात?

मला दोन्ही तट नामंजूर. का, ते लिहितो. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. भिवंडीच्या एका मिलमध्ये सायझिंगला आहे, म्हंजे सुताला खळ देतो. आठवडा तिथं काढतो, सुट्टीला पवईला येतो. वज्रेश्वरी माझ्या कामाच्या वाटेवर पडते. त्या पाण्यात मी बऱ्याचदा उतरलोय. ऐकीव बोलत नाही.

आधी हे पाणी ऊन कसं होतं ते बघू. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खाली जातं. जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी ऊब वाढते. खोल गेलेलं पाणी तापतं, दुसऱ्या भेगेतून वर येतं. येताना खडकातले क्षार, गंधकाचा वास बरोबर आणतं. बस्स. तिथं ज्वालामुखी नाही, चमत्कार नाही. असे झरे पालघरपासून खाली राजापूरपर्यंत कोकणभर आहेत. पालीजवळ उन्हेरे. खेडकडं उन्हवरे. राजापूरला उन्हाळे. महाडजवळ, सावित्रीच्या काठी, सव.

नावं नीट ऐका. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. ज्या माणसानं पहिल्यांदा त्या पाण्यात हात घातला, तो म्हणाला, ऊन हाय. त्यानं देव नाही बघितला, पाणी बघितलं. गावाला तेच नाव पडलं. ही कष्टकऱ्याची भाषा आहे. ईश्वर-ईश्वरी मागून आले, पाट्या लावून बसले.

आता वज्रेश्वरीची गोष्ट. तिथं कुणालाही विचारा, पाणी गरम का? सांगतात, देवीनं राक्षस मारले, त्यांचं हे रक्त. अजून ऊन आहे, अजून वाहतंय.

मित्रांनो, जरा थांबा इथं. दर सुट्टीला शेकडो माणसं येतात, लेकराबाळांसकट त्या पाण्यात बसतात आणि म्हणतात, हे मेलेल्यांचं रक्त, याच्यानं आपली खरूज जाते, गुडघे सुटतात. मारणाऱ्याला देऊळ. मरणाऱ्याच्या रक्तात आंघोळ. आणि कुणाच्या घशात घास अडकत नाही!

हे राक्षस कोण होते? जोतीरावांनी १८७३ सालीच ‘गुलामगिरी’त या असल्या गोष्टींची साल काढली. राक्षस म्हंजे रक्षण करणारे. इथले मूळचे. जमिनीचे, पाण्याचे राखणदार. पुराणात ज्याला शिंगं लावली, तो आपला पूर्वज निघाला. तेव्हा वज्रेश्वरीची ती गोष्ट खरी धरायची असेल तर पुरती खरी धरा. मग ते रक्त आपलं आहे. आपल्या रक्तावर दुसऱ्याची दानपेटी का? आणि गोष्ट खोटी असेल, तर ते नुसतं पाणी आहे. नुसत्या पाण्यावर कुणाचीच दानपेटी का?

त्या देवळाचा इतिहासही बघा. चिमाजी अप्पानं वसईच्या मोहिमेत नवस केला. १७३९ साली वसई पडली, मग देऊळ उठलं. पेशवाईतलं देऊळ. त्याच पेशवाईत आपल्या माणसाच्या गळ्यात थुंकीसाठी मडकं होतं, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. ज्याची थुंकी जमिनीला चालत नव्हती, त्याचं अंग कुंडाला कसं चाललं असेल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिला तट म्हणतो, जायचंच नाही. त्यांचा राग मला कळतो. ते म्हातारे आहेत, त्यांनी देव्हारे स्वतःच्या हातानं बाहेर काढलेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तात्या, काका, एक सांगा. बावीस प्रतिज्ञांत देव मानणार नाही असं आहे. पाणी मानणार नाही असं कुठं आहे? देवीनं झऱ्याशेजारी घर बांधलं म्हणून झरा तिचा झाला का? उद्या कुणी तुमच्या नळाशेजारी शेंदूर फासला तर नळ सोडणार का?

महाडला काय झालं? ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर. तळं मात्र बंदच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले. सवर्णांनी मग १०८ घागरी काढून, शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. वर कोर्टात गेले. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला. एका ओंजळीला दहा वर्षं.

त्या तळ्याभोवती देवळं नव्हती का? होती. सभेहून परतणाऱ्या आपल्या माणसांना मारलं, ते ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार’ अशी बोंब उठवूनच. बाबासाहेब म्हणाले का, की देवळं जवळ आहेत, आपण पाण्यावर जाऊ नये? त्यांना देवळात जायचं नव्हतं, पाण्यावर जायचं होतं. हा फरक ज्याला कळत नाही, तो देव सोडता सोडता पाणीही सोडून देतो. त्यांना तेच पाहिजे. आपण आपल्या पायांनी बाजूला होतो, त्यांना ढकलायचे कष्टही पडत नाहीत.

आणि बुद्धाचं म्हणाल, तर राजगृहाला जा. तिथंही ऊन पाण्याचे झरे, तपोदा. बुद्धाचे भिक्खू त्यात आंघोळ करायचे. विनयात गोष्ट आहे. बिंबिसार राजा डोकं धुवायला आला. बघतो तर भिक्खू पाण्यात. राजा थांबला. भिक्खू काही निघेनात. अंधार पडला. राजानं उशिरा आंघोळ केली, तोवर नगराची दारं बंद झाली, आणि मगधाच्या राजाला रात्र वेशीबाहेर काढावी लागली. बुद्धानं भिक्खूंना बोल लावला. कशाबद्दल? राजाचं पाणी बाटवलं म्हणून नव्हे. किती वेळ आंघोळ करायची याचा पोच ठेवला नाही म्हणून. पंधरा दिवसांतून एकदाच आंघोळ, असा नियम घातला. पण त्यात सूट ठेवली: उन्हाळ्यात सूट, आजाऱ्याला सूट, प्रवासात सूट, आणि काम करणाऱ्याला सूट. अडीच हजार वर्षांपूर्वी कामाचा घाम नियमात धरला! त्याच राजगृहाचा झाडूवाला सुनीत त्या संघात भिक्खू झाला. ज्या संघात झाडूवाला भिक्खू होतो, त्या संघाची आंघोळ उरकेपर्यंत राजा काठावर उभा राहतो. याच्यापेक्षा मोठी क्रांती मला तरी माहीत नाही.

आता दुसऱ्या तटाकडं. ‘हात जोडून काय झिजतं?’वाले. हे आपल्याच वयाचे. नाक्यावर जयभीम घालतात, फोनवर निळा झेंडा, आणि सहलीला गेले की पायऱ्या चढून नारळ फोडतात. विचारलं तर म्हणतात, सगळे करतात. आईला बरं वाटतं. जागृत देवस्थान आहे.

अरे, जागृत असतं तर देवस्थानाशेजारचा कातकरी अजून वीटभट्टीवर झोपला असता का? याच भिवंडी-वसईच्या पट्ट्यात माणसं वेठीला बांधलेली होती. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी माणूस मालकाचा व्हायचा. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली आला, तरी इथं माणसं बांधलेलीच. १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली, तेव्हा कुठं त्यांना कायद्यानं सोडवायची लढाई सुरू झाली. देवी पायऱ्यांवर होती की! राक्षस मारणारी. तिला एक सावकार मारता आला नाही?

पाण्यानं पाप धुतं म्हणणाऱ्याला पुण्णिकेनं फार पूर्वीच गप्प केलंय. ती अनाथपिंडिकाच्या घरची दासी. थंडीत नदीवर पाणी भरणारी. काठावर काकडत आंघोळ करणारा ब्राह्मण तिला दिसला. तिनं विचारलं ते असं: पाण्यानं मुक्ती मिळते, तर बेडूक-कासवं आधी स्वर्गाला जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल, तर पुण्यही नेईलच की. घागर डोक्यावर घेतलेल्या बाईचं हे तर्कशास्त्र थेरीगाथेत आहे. दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याआधी ते वाचा.

म्हंजे माझं म्हणणं एवढंच. पाणी पवित्र नाही. पाणी हक्काचं आहे. ज्याला पवित्र म्हटलं, त्याच्यावर कुणीतरी पहारा बसवतोच. ज्याला हक्काचं म्हटलं, तिथं पहारेकऱ्याला जाब विचारता येतो.

पहारा आता पूर्वीसारखा नाही. काठी घेऊन कुणी उभा नसतो. आता तिकीट असतं. झऱ्याच्या पाण्याला नळी लावायची, भिंत घालायची, फरशी बसवायची, ताशी भाव. मागच्या थंडीत आम्ही चौघं असेच एका खासगी टाकीवर गेलो. पैसे हातात होते. टाकीवाल्यानं वही काढली, नाव विचारलं. सांगितलं. आडनाव विचारलं. सांगितलं. मग गाव कुठलं, गावात घर कुठं, वरल्या आळीला का खालच्या. आंघोळीला गाव कशाला लागतं? आमच्यातला एक म्हणाला, शेठ, पाणी तापवायला जातीचा दाखला लागतो का? त्यानं वही मिटली. म्हणाला, टाकी साफ करायचीय, आज बंद. आमच्यामागून आलेल्या गाडीवाल्यांना ती उघडी होती.

आम्ही नदीकडं गेलो. पात्रात, खडकांत, उघड्यावर पाणी वर येतं. पावसाळ्यात ते सगळं नदीखाली जातं. थंडीत उघडं पडतं. तिथं वही नव्हती. एक आजमगढचा मागवाला पाय सोडून बसला होता. रात्रपाळी उतरून आलेला, कानात अजून मागाचा खडखडाट असावा, कारण ओरडून बोलत होता. म्हातारी आदिवासी बाई नातवाला न्हाऊ घालत होती. ती सरकली, आम्हाला जागा केली. कुणी कुणाला आडनाव विचारलं नाही.

मी दिवसभर गरम पाण्याशेजारी उभा असतो. बॉयलरची वाफ, खळीची उकळती टाकी, त्यातून हजारो धागे सरकत जातात. सुताला रोज गरम आंघोळ. मला तिथं हात धुवायला थंड पाण्याचा पिंप. माझा पणजोबा मुंबईच्या गिरणीत होता तेव्हा आपल्या माणसाला विणखात्यात घेत नव्हते. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. महाराचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं कसा तोंडाला लावायचा? पगार विणखात्यात जास्त, म्हणून तिथंच बाट! १९२८ च्या संपात लाल बावट्यापुढं हा प्रश्न बाबासाहेबांनी टाकला. महाडचं तळं आणि गिरणीचा धोटा, बाट एकच. ओल्या तोंडाची भीती. पुढं १९८२ चा संप झाला, आजोबा घरी बसला, गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले. पण ती वही शिल्लक आहे. आडनाव विचारणारी.

याच्यापुढं कायदा काय म्हणतो, ते पाठ करून ठेवा. संविधानाचं कलम १५, दुसरं पोटकलम: विहिरी, तलाव, स्नानघाट, सार्वजनिक जागा, कुणालाही जातीवरून, धर्मावरून अडवता येणार नाही. स्नानघाट! घटनेत आंघोळीची जागा लिहिलीय. पुढं नागरी हक्क संरक्षणाचा कायदा, १९५५ चा. त्याच्या चौथ्या कलमात नदी आहे, ओढा आहे, झरा आहे, विहीर आहे, नळ आहे, स्नानघाट आहे. झरा हा शब्द कायद्यात बसवलेला आहे, पोरांनो. अस्पृश्यतेवरून अडवणं हा गुन्हा आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे? घोषणा पाठ आहेत, कलमं नाहीत.

आता पवईचं बोलतो. कारण ते पाणी आणि आपली पवई एका नदीनं बांधलेली आहे.

इंग्रजानं १८९१ च्या सुमारास पवईचा तलाव बांधला, पाणी पिण्यालायक निघालं नाही. १८९२ ला तानसाचं धरण झालं. तेव्हापासून तीच तानसा, जिच्या काठी खाली वज्रेश्वरीची कुंडं आहेत, जाड पाइपांत घालून पवईवरून शहरात नेली जाते. आपल्या कित्येक वस्त्या त्या पाइपांच्या कुशीत वसल्या. पोरं पाइपावर अभ्यास करतात, बाया पाइपावर कपडे वाळवतात. आत तानसा धावते, आणि बाहेर माणूस हंडा घेऊन रांगेत, नाहीतर कॅनला पैसे मोजतो. वर धरणाशेजारच्या शहापूर तालुक्यात आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. म्हंजे उगमाला कोरडं, वाटेवर कोरडं, ओलं फक्त शेवटच्या टोकाला. टॉवरात.

पाइपांलगतच्या हजारो झोपड्या कोर्टाच्या आदेशावरून तोडल्या, माणसं माहुलला रिफायनऱ्यांच्या धुरात नेऊन टाकली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आखला. डिसेंबर २०१४ ला पाणी हक्क समितीच्या केसमध्ये हायकोर्टानं सांगितलं, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. आणि जून २०२४ ला, पावसाळ्याच्या तोंडावर, पवईतलं जयभीम नगर पाडलं. माणसं फुटपाथवर. तेव्हा पाणी भरपूर मिळालं. वरून.

आमच्या घरात मोरीला पडदा म्हणून जुनी साडी आहे. आई पहाटे चारला उठून आंघोळ करते, कारण उजाडल्यावर गल्ली चालू होते. तिच्या वाट्याला एक बादली, त्यातली अर्धी ती दुसऱ्यांसाठी ठेवते. गरम पाणी बाळंतपणात मिळालं, ती सांगते. चार वेळा. मी तिला अकलोलीला घेऊन गेलो. बायांच्या बाजूला ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली. लुगडं फुगून वर आलं, तिनं ते दाबलं नाही. तासभर बाहेर येईना. मग म्हणाली, ‘कुणी घाई करंना ह्ये लई बरं वाटलं.’ देवीचं नाव तिनं काढलं नाही. पायऱ्यांकडं बघितलंही नाही. गुडघे दाबत एसटीत चढली, भाकरी खाल्ली, झोपली.

कार्यकर्त्यांनो, हे छोटं समजू नका. ज्या बाईनं आयुष्यभर अर्ध्या बादलीत अंग चोरून धुतलं, तिला पोटभर ऊन पाणी मिळणं ही चळवळीची बाब आहे. आपण सभा घेतो, मोर्चे काढतो, आणि आपल्या आया-बहिणींना अंग धुवायला आडोसा नाही, हा ठराव कुठल्या सभेत आला? ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या पुढाऱ्याच्या घरी गीझर आहे.

तेव्हा जा. बिनधास्त जा. आयांना घेऊन जा, म्हाताऱ्यांना घेऊन जा. नदीच्या उघड्या पाण्यात बसा. कुंडात साबण लावू नका, आपल्यामागून दुसरा येणार आहे. पायऱ्या चढू नका, हात जोडू नका. देवीला शिव्याही देऊ नका, ती दगड आहे, तिला ऐकू येत नाही. टाकीवर आडनाव विचारलं तर तिथंच थांबा, चौथं कलम म्हणून दाखवा, ऐकलं नाही तर ठाण्यावर जाऊन तक्रार लिहून घ्यायला लावा. ग्रामपंचायतीत विचारा, कोणतं कुंड सार्वजनिक, कोणतं खासगी, झऱ्याला नळी लावायची परवानगी कुणी दिली. पाड्यावरच्या कातकऱ्याशी बोला, पण पुढारी होऊन नको. तुझ्या हंड्याला पाणी किती येतं, एवढं विचारा, आणि आपलंही सांगा.

आणि परत आलात की वॉर्ड ऑफिसला जा. अर्ज घेऊन, सगळी वस्ती घेऊन. सांगा, जी नदी आमच्या डोक्यावरून जाते तिचा नळ आमच्या दारात पाहिजे, आणि बायांसाठी दार असलेली मोरी पाहिजे. ते म्हणतील, कागद दाखवा. २०१४ चा निकाल टेबलावर ठेवा. ते म्हणतील, साहेब नाहीत. म्हणा, थांबतो. बिंबिसार थांबला होता. पण तो दुसऱ्यांची आंघोळ व्हायची म्हणून थांबला. आपण आपल्या आंघोळीसाठी थांबू.

जयभीम.